मुलाबाळांची गाडी

चार-पांच मुलांच्या आईबापांनीं प्रवासास निघावयाचें ठरविलें म्हणजे घरांत पहिला प्रश्न उभा राहतो तो भाड्याचा नसतो, वेळेचा नसतो. तो जागेचा असतो. वडील माणसें कोठेंहि टेकतील. पण मुलें कोठें बसणार? धाकट्याला मांडीवर घेतलें तर त्याच्यावरच्याला कोण धरणार? थोरला पुढें गाडीवानापाशीं बसला तर उन्हाचें काय? हा प्रश्न जितका घरगुती तितकाच जुना आहे. परंतु वाहनांच्या इतिहासांत त्याला क्वचितच स्थान मिळालें आहे. इतिहास लिहिणारांनीं रथ पाहिले, अंबाऱ्या पाहिल्या, मेणे आणि पालख्या पाहिल्या. धुळीच्या लोटांतून मुलांनीं भरून चाललेल्या गाडीकडे मात्र त्यांचें लक्ष गेलें नाहीं.

अहमदनगर जिल्हा ह्या प्रश्नाच्या विचारास मोठा सोयीचा आहे. २०२४ सालापासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे. पण ज्या काळाची ही हकीकत आहे त्या काळीं लोक त्याला नुसतें नगर म्हणत, आणि आजहि म्हणतात. क्षेत्रफळानें हा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा, सुमारें १७ हजार चौरस किलोमीटरांचा. पश्चिमेस अकोले तालुक्यांतील सह्याद्रीचीं शिखरें आणि पूर्वेस पाथर्डी-जामखेडकडील कोरडे माळ. एवढ्या विस्तारांत एकीचें माहेर एका टोकाला आणि सासर दुसऱ्या टोकाला असणें ही नित्याचीच गोष्ट. मुलें घेऊन माहेरीं जावयाचें म्हणजे एक दोन मुक्कामांची मोहीमच असे.

ह्या जिल्ह्याचा गेल्या दीडशें वर्षांचा अनुभव पाहिला म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. माणसांना बसण्यासाठीं म्हणून जीं वाहनें झालीं त्यांत मुलाबाळांच्या कुटुंबाला जागा पुरत नसे. माल वाहण्यासाठीं जीं झालीं त्यांत मात्र ती सांपडे.

याचें पहिलें उदाहरण बैलगाडीचें. सुखवस्तु घरीं दमणी असे. दमणी म्हणजे हलक्या बांध्याची, वर छत असलेली, खिलारी जोडीनें दौडत जाणारी बसावयाची गाडी. तिचा डौल न्यारा. बैलांच्या गळ्यांतील घुंगुरमाळा गांवाबाहेरूनच पाहुण्याची वर्दी देत. पण दमणींत दोन-तीन मोठीं माणसें बसलीं कीं ती भरली. पाटलानें कचेरीच्या कामासाठीं तिच्यांत बसून जावें, तिच्यांतून नवरदेव मिरवावा. मुलांचा घोळका घेऊन निघालेल्या बाईला ती काय कामाची? म्हणून जिच्या घरीं दमणी होती तीहि पुष्कळदां शेतावरची साधी मोठी गाडीच जुंपावयास सांगे.

त्या गाडीच्या साटींत अगोदर कडबा पसरीत. त्यावर घोंगडी, घोंगडीवर गोधड्या. दोहों बाजूंना तट्टे बांधीत. ऐन हंगामांत हेच तट्टे शेणखत अडवून धरीत आणि यात्रेच्या दिवशीं तेच मुलांना अडवून धरीत. वर बांबूच्या कमानी करून त्यांवर जाजम टाकलें कीं उन्हाची सोय झाली. कण्याखालीं कंदील लोंबकळे, जवळच वंगणाची नळी. धाकटीं मुलें मध्यें, म्हातारी पुढच्या बाजूला पाठ टेकून, आणि आई मागच्या तोंडाशीं. कारण मूल पडण्याचें भय असे तें मागूनच. आईची जागा मागें ही रीत कोणीं लिहून ठेवलेली नव्हती. गाडीच्या घडणीनेंच ती शिकविली होती.

ह्या गाडीचे दोष उघड होते. तिला कमानी नव्हत्या, त्यामुळें चाकोरींतला प्रत्येक दगड पाठीच्या मणक्याला कळे. प्रवरा-गोदावरीकांठच्या काळ्या जमिनींत पावसाळ्यांत चाक कण्यापर्यंत रुते आणि मग मुलांसकट सर्वांनीं उतरून चिखल तुडवावा लागे. चालीचें तर बोलावयासच नको. भरलेली गाडी तासाला जेमतेम दोन मैल चाले. पाथर्डीहून नगर म्हणजे वाटेंत मुक्काम आलाच. परंतु तिचा गुण त्या चालींतच होता. मूल रडलें कीं गाडी थांबे. थोरलीं पोरें कंटाळलीं कीं खालीं उतरून गाडीबरोबर चालत आणि दमलीं कीं चालत्या गाडींत मागून चढत. पडलें तर गुडघा फुटे. पुढच्या बाजूनें चाकाखालीं जाण्याचें तेवढें खरें भय, म्हणून लहानग्यांना पुढें बसूं देत नसत. फाल्गुनांत रंगपंचमीला मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेस जाणारीं कुटुंबें ह्याच गाड्यांतून जात, गाडीखालींच स्वयंपाक करीत आणि गाडींतच निजत. गाडी म्हणजे एक चाकांवरची खोलीच होती.

मोठ्या दुष्काळाचीं वर्षें सरत आलीं असतां, १८७८ सालीं, दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला आणि नगरचें स्टेशन पुण्या-मुंबईस जोडलें गेलें. आगगाडीनें कुटुंबाच्या प्रवासांत एक अगदीं नवी गोष्ट आणली. तिनें मुलांचें वय विचारलें. तोंपर्यंत तें कोणीं विचारलें नव्हतें. बैलांना वजन कळे, वय कळत नसे. आतां ठराविक वयापर्यंत मूल फुकट, पुढें कांहीं वर्षें अर्धें तिकीट आणि त्यानंतर पुरें, असा हिशेब आला. आणि तिकीट तपासणारा दिसतांच आपल्या थोरल्याला पदराखालीं घेऊन एकाएकीं लहान करण्याची कलाहि त्याबरोबरच आली. तिसऱ्या वर्गांत बाकांखालीं मुलें निजवीत. ती जागा वास्तविक गांठोड्यांसाठीं असे.

पण लोहमार्ग जिल्ह्याच्या मधून दक्षिणोत्तर गेला. राहुरी, बेलापूर, कोपरगांव यांना तो लाभला. पाथर्डी, शेवगांव, जामखेड, अकोले यांच्या वांट्यास कांहीं आलें नाहीं. तेथील कुटुंबाला स्टेशनापर्यंत बैलगाडीच करावी लागे. नगरच्या स्टेशनावर उतरणारास शहरांत जाण्यासाठीं टांगा मिळे. टांगा हें पुन्हां माणसांचें वाहन. पुढें टांगेवाला व एक उतारू, मागें उलट्या तोंडानें दोघे. दोन लहान मुलें मिळून एक माणूस असा व्यवहार चाले खरा, पण चार मुलांचें कुटुंब आलें कीं वादावादी ठरलेली. घोड्याचा कैवार घेऊन टांगेवाला जें बोले त्यांत पुष्कळदां न्यायहि असे.

मोटार आली तीहि प्रथम साहेबांची, वकील-डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची. सर्वसामान्यांना मोटारीची ओळख झाली ती खाजगी सर्व्हिस मोटारींतून. ह्या मोटारी घड्याळावर नव्हे, गर्दीवर सुटत. भरल्याशिवाय त्या हालत नसत. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मिळेना तेव्हां कित्येक गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या वायूची भट्टी लागली, आणि त्या भट्टीची धग मागच्या बांकावरील बायकामुलांनीं सोसली. तान्हें मूल घेऊन अशा मोटारीची वाट पाहणें म्हणजे काय असतें, हें ज्यांनीं ती पाहिली त्यांनाच ठाऊक.

१९४८ सालच्या जूनच्या पहिल्या तारखेस पुणें आणि नगर ह्यांच्यामध्यें सरकारी एस्. टी. ची पहिली गाडी धांवली. किसन राऊत हे तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक होते. मुंबई राज्याच्या ह्या नव्या उपक्रमास पहिला मार्ग म्हणून पुणें-नगर हाच निवडला गेला, ही गोष्ट नगरकर अद्याप अभिमानानें सांगतात. अभिमानास कारणहि आहे. ठरलेली वेळ, ठरलेलें भाडें, मुलांना अर्धें तिकीट. आणि पुढील वर्षांत, जेथें रेल्वे कधींच जाणार नव्हती अशा खेड्यांच्या वेशीपर्यंत ही गाडी पोंचली. तीन लेंकरें घेऊन एकटी बाई माहेरीं निघाली आहे, घरचा कोणी पुरुष सोबत नाहीं, हें दृश्य नगरच्या पूर्व भागांत सर्रास दिसूं लागलें तें एस्. टी. नंतर. बैलगाडीला हांकणारा घरचा लागे, आणि तो मोकळा नसला कीं बाईचें जाणें राही. ह्या एका फरकाचें मोल फार मोठें आहे. २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना एस्. टी. चें तिकीट निम्म्या दरांत मिळूं लागल्यावर गाड्या बायकामुलांनीं जशा ओसंडून गेल्या, त्यावरून ही गरज पाऊणशें वर्षांनंतरहि किती ताजी होती हें दिसून आलें.

आतां ह्या गाडीची घडण पाहावी. आपल्या देशांत बसगाड्या पुष्कळ काळ मालमोटारीच्या सांगाड्यावरच बांधल्या जात. खालीं मालमोटार, वर बांकें. म्हणून ती उंच, म्हणून तिच्या पायऱ्या मुलांच्या गुडघ्यापेक्षां वर, म्हणून ती खडकाळ रस्त्यावर टिकाऊ आणि म्हणूनच आंत मधली वाट भरून ट्रंका, बोचकीं व त्या ट्रंकांवर बसलेलीं मुलें. मालाच्या गाडीनेंच पुन्हां एकदां कुटुंबाला जागा दिली होती.

याच सुमारास नगरच्या एका घराण्यानें वाहनांच्या धंद्यांत पाऊल टाकलें. कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे नगरचे नामांकित वकील. १९४६ ते १९५२ पर्यंत ते मुंबईच्या विधानसभेचे सभापति होते. त्यांचे चिरंजीव नवलमल आणि हस्तिमल. नवलमल हे बेचाळीसच्या चळवळींत तुरुंगांत गेलेले गृहस्थ. स्वातंत्र्यानंतर ते कारखानदारींत उतरले. माणसानें माणसाला ओढून नेण्याची हातरिक्षा बंद व्हावी ही त्या काळच्या पुढाऱ्यांची इच्छा होती, परंतु तिच्या जागीं काय आणावें हें कोणास सुचत नव्हतें. इटलींत तयार होणाऱ्या तीन चाकांच्या एका मालवाहू गाडीचें चित्र नवलमलांच्या पाहण्यांत आलें आणि त्यांच्या मनांत विचार आला कीं जेथें माल ठेवतात तेथें बांक ठेवलें तर? ऑटोरिक्षा ती हीच. मालाचा हौदा काढून माणसें बसविलीं आणि भारतांतील शहरांना त्यांचें सर्वांत ओळखीचें वाहन मिळालें. कायद्यानें तींत तीन उतारू. शाळेच्या वेळेला तींतून किती दप्तरें बाहेर लोंबतात तें रस्त्यांत उभें राहून कोणींहि मोजावें.

१९५८ सालीं फिरोदियांनीं बजाज मंडळींसमवेत जर्मन कंपनीच्या सहकार्यानें बजाज टेंपो कंपनी काढली. तिची तीन चाकी ‘टेंपो’ मालासाठींच होती. लोकांनीं तिच्यांत समोरासमोर बांकें टाकून माणसें बसविलीं. त्यानंतर ‘मॅटॅडोर’ आली. तीहि माल नेण्यासाठीं उत्तम. परंतु महाराष्ट्रांत ती ओळखली गेली लग्नाच्या वऱ्हाडानें, अष्टविनायकाच्या यात्रेनें आणि शाळेच्या मुलांनीं. एका मॅटॅडोरमध्यें आजोबा-आजी, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि दोहोंचीं मिळून सात-आठ मुलें शिरडी किंवा सिद्धटेक करून येत. पुढें आलेल्या ट्रॅक्स, ओम्नी, ईको ह्या तिच्याच धाकट्या बहिणी म्हणावयाच्या.

पण नगरच्या नांवाशीं कायमची जोडली गेली ती ह्याहून फार लहान गाडी. हस्तिमल फिरोदियांनीं स्थापिलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर उभा राहिला आणि १९७२ सालीं तेथील ‘लूना’ बाजारांत आली. पन्नास सी. सी. चें एंजिन, सायकलीसारखे पायटे, पेट्रोलांत तेल मिसळून घालावयाचें. आरंभीं बैठक एकाचीच. मागें सामानाचा सांगाडा. सायकलीहून वरचें आणि स्कूटरहून खालचें असें हें वाहन. त्या काळीं स्कूटरसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. नोंदणीच्या वेळीं जन्मलेलें मूल स्कूटर घरीं येईतों शाळेंत जाऊं लागे, असें लोक म्हणत, आणि त्यांत अतिशयोक्ति थोडीच होती. लूनेसाठीं तेवढें थांबावें लागलें नाहीं.

लूनेनें घरांत कोणतें काम पत्करलें हें पाहिलें म्हणजे वरची गोष्ट पुन्हां पटते. गिरणींतून दळणाचा डबा आणला, गॅसची टाकी आणली, दुधाच्या किटल्या नेल्या; आणि जेथें दळणाचा डबा उभा राही तेथेंच, चालविणाराच्या गुडघ्यांमध्यें, मूल उभें राहूं लागलें. मध्यें आडवा दांडा नसल्यामुळें लुगडें नेसलेल्या बाईलाहि ती चालवितां येई, आणि शिक्षिका, परिचारिका, दुकान संभाळणाऱ्या स्त्रिया तिच्यावरून जाऊं लागल्या. पुढें दोघांच्या बैठकीचे प्रकार निघाले, तेव्हां तर बाप, आई, मध्यें एक, पुढें एक अशी चौघांची मांडणी ठरूनच गेली. तिसरें मूल झालें कीं कांहींजण स्कूटरला साइडकार लावीत. साइडकार म्हणजे चाक लावलेली टोपलीच. पण तींत आई मांडीवर एकाला आणि पायांशीं दुसऱ्याला घेऊन बसली म्हणजे पाऊस येईतोंपर्यंत त्या कुटुंबाइतकें सुखी कोणी नसे.

कायदा मात्र ह्या सर्व काळांत एकच गोष्ट सांगत होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानें दुचाकीवर चालकाशिवाय एकच माणूस बसवावें असें ठरविलें. १९८८ च्या नव्या कायद्याच्या १२८ व्या कलमानेंहि तेंच ठरविलें. म्हणजे दोन मुलांचें कुटुंब दुचाकीवर बसलें कीं तें बेकायदा. पोलिसांनीं बहुधा तिकडे डोळेझांक केली, आणि डोळेझांक केली नसती तर ह्या कुटुंबांनीं दुसरें कोणतें वाहन घ्यावें ह्याचें उत्तर कोणाजवळहि नव्हतें. पावसांत स्कूटरवरून जाणारें चौघांचें एक कुटुंब पाहून रतन टाटांना स्वस्त मोटारीची कल्पना सुचली. २००८ सालीं त्यांनीं ‘नॅनो’ दाखविली, मूळ किंमत एक लाख रुपये. दहा वर्षांत ती बंद पडली. स्वस्त म्हणवून घेणारी गाडी दारांत उभी करावयास लोक लाजले हें एक कारण सांगतात, आणि तें खरेंहि असेल. परंतु नगरकडच्या कुटुंबांत दोन मुलांबरोबर आजी असते, आणि सणावारीं भावाचींहि मुलें असतात. चौघांची गाडी त्यांना पुरणार कोठून? त्यांनीं जुनी ओम्नी किंवा जीप घेतली.

ह्या निवडींत आईबापांनीं जागा मिळविली, पण एक मोठी किंमतहि दिली. बैलगाडींत मुलांना जी सुरक्षितता होती ती गाडीच्या घडणीची नव्हती, तिच्या संथपणाची होती. वेग तासाला दोन मैलांवरून पन्नास मैलांवर गेला. मुलांचीं ठिकाणें मात्र तींच राहिलीं, आईच्या मांडीवर, मागच्या तोंडाशीं, सामानावर. भरधांव गाडी एकाएकीं थांबली तर मांडीवरचें मूल कोणत्याहि आईला हातांनीं धरून ठेवतां येत नाहीं. तिचें प्रेम कितीहि असो, त्या क्षणीं मुलाचें वजन अनेक पटींनीं वाढल्यासारखें होतें. जीपच्या मागील आडव्या बांकांना पुष्कळदां पट्टेच नसतात, आणि पांच-सहा मुलांना नेमकें तेथेंच बसवितात. मागून धडक बसली तर दारामागें पहिलीं तींच. २०१९ च्या दुरुस्तीनें चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्यानें अथवा मुलांच्या खास आसनानें न बांधल्यास हजार रुपये दंड ठेवला आहे. दुचाकीवरील चार वर्षांखालच्या मुलांसाठीं २०२२ च्या नियमांनीं अंगाभोंवतीं बांधावयाचा पट्टा, डोक्याला शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरांची मर्यादा घातली. दीडशें वर्षांत मुलें कोठें बसणार हा प्रश्न सरकारी कागदावर एवढ्या स्पष्टपणें प्रथमच आला. खेड्यांतील दुकानीं तीं आसनें अजून सहसा दिसत नाहींत, आणि मोटारीच्या मागच्या बांकावर तशीं तीन आसनें शेजारीं शेजारीं बसतील अशा गाड्याहि फार थोड्या. म्हणून तीन लहान मुलांच्या बापानें गाडी घेतांना आज रंग आणि टाकी पाहण्यापूर्वीं मागचें बांक फूटपट्टीनें मोजावें आणि पट्टे ओढून पाहावेत, हें शहाणपणाचें ठरेल.

पण ज्यांना निवड करतांच येत नाहीं अशीं कुटुंबेंहि ह्याच जिल्ह्यांत आहेत. १९५० सालीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि प्रवरेच्या कांठीं उसाचें राज्य पसरलें. तो ऊस तोडावयास पाथर्डी-शेवगांवच्या कोरडवाहू गांवांतून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांतून जोडपीं येऊं लागलीं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. आणि बरोबर मुलें, कारण गांवीं तीं ठेवावयास पाठीमागें कोणी नसतें. बैलगाडीनें येणारांचें घर गाडींतच असे. पुढें कारखान्यांनीं रबरी चाकांच्या गाड्या दिल्या. दिवसा तींत ऊस आणि रात्रीं तिच्याच आडोशाला मुलें. अलीकडे बहुतेक टोळ्या ट्रॅक्टरनें जातात.

दिवाळीच्या सुमारास पाथर्डीकडच्या रस्त्यावर हे ट्रॅक्टर दिसतात. मागें दोन ट्रॉल्या. त्यांत तळाला सरपण आणि बाजरीचीं पोतीं, त्यावर भांडीं, कोंबड्यांची टोपली, एखादी शेळी, पाचटाच्या खोपीसाठीं बांबू आणि ताडपत्री. सर्वांच्या वर गोधड्या पसरलेल्या असतात आणि गोधड्यांवर मुलें. त्यांतलीं कांहीं शाळा अर्धी सोडून निघालेलीं, कांहीं अजून अंगावर पिणारीं. ट्रॉली निघावयाच्या आधीं बायका वर चढून सामान पुन्हां एकदां हालवून पाहतात, बांबू बाहेरच्या अंगाला सरकवितात, मधोमध एक खोलगट जागा करितात आणि लहानग्यांना त्या जागेंत उतरवून स्वतः मागच्या फळीशीं पाठ लावून बसतात.